चौदा ऑक्टोबरचा चौकोन

प्रिय बौक्येताई,

तुला आणि दाजींना नमस्कार, नव्या नातीला माझा पापा. तिला बघायला नॉर्वेला गेलीस खरी, पण तिथल्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि हे वाक्य मी मुद्दाम दोनदा गिरवलंय, कारण आपल्या आल्डेवेअर गावाचं याबाबतीत वेगळं मत आहे. (पेन संपलं म्हणून कालव्याच्या दरवाजांवरच्या नोकरीतली उरलेली निळी पेन्सिल घेतली. चाळीस वर्षं हिनेच बोटींची नावं लिहिली. बहिणीवर ओरडायलाही चालेल.)

परवा सकाळी तुझा फोन आला. सत्तरीचं अभिनंदन केलंस, आणि लगेच पुन्हा एकदा केलंस. गेल्या वर्षीही दोनदा केलं होतंस. मी मनात म्हटलं, वय झालं ताईचं. मग बैठकीत अकरा खुर्च्या गोल मांडल्या, दोन केक आणले (दोन कशाला ते विचारू नकोस, हात सवयीने जातो), कॉफी केली आणि बसलो. दहा वाजले, साडेदहा वाजले. आपली माणसं दहाला बोलावलं तर दहाला दोन मिनिटं कमी असताना पायपुसण्यावर उभी असतात हे तुला मी सांगायला नको. मी गाव सोडून शहरातल्या फ्लॅटमध्ये आलो त्याला वर्षच झालंय, तेवढ्यात विसरले? अकरा वाजता बेल वाजली. दारात आपल्या गावचा एल्के, अंगात काळा कोट, हातात पांढरी फुलं. मला बघून तो पायरीवरून मागेच सरकला.

"अरे, तू घरी कसा?"

"माझ्या वाढदिवसाला मी घरी नसणार तर कोण असणार?"

"नाही, म्हटलं सामान आवरायला कोणीतरी असेल," असं म्हणून त्याने खिशातून गावचं साप्ताहिक काढलं.

त्यातलं 'आजच्या दिवशी' हे सदर तू वाचतेसच. चौदा ऑक्टोबर. १९११ साली आपला लाकडी पूल खुला झाला. १९३८ साली स्केटिंग मंडळ निघालं. आज जागतिक मानक दिन, म्हणजे जगभरची मोजमापं बिनचूक असावीत म्हणून पाळायचा दिवस. आणि त्याच्या खालीच: जन्म, दिवंगत सीत्से होक्स्ट्रा, कालव्याचे दरवाजे सांभाळणारे. बिनचूकपणाच्या दिवशी मला मारलं गं या लोकांनी! बाकीचे दहाजण म्हणे हळहळले आणि घरीच थांबले. एक फोन तरी करायचा! तर एल्के म्हणतो, मेलेल्या माणसाला फोन कसा करणार? त्याने केकचे तीन तुकडे खाल्ले (आपल्याकडे एकाच तुकड्याची रीत, आणि याने तीन! मी मेलो म्हणून एवढी सूट?) आणि जाताना फुलं परत घेऊन गेला.

मी सायकल काढली. नऊ किलोमीटर, वारा समोरून, सत्तरीचा पहिला दिवस. तडक तुझ्या घरी गेलो, कारण ते सदर लिहितो तो उत्रेख्तहून आलेला फान लोखेम, आणि झाडांना पाणी घालायला तू किल्ली दिलीस ती नेमकी त्यालाच. हा माणूस गावाचा इतिहास कसा गोळा करतो, ठाऊक आहे? घरोघरी कॉफीला जातो, संडास कुठे विचारतो, आणि वही घेऊन वीस वीस मिनिटं आत बसतो. गावाला वाटलं, बिचाऱ्याचं पोट साफ होत नाही. (बेकरीवालीने त्याला सुके आलुबुखारसुद्धा नेऊन दिले.) आपण सगळे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासाच्या भिंतीवरच टांगतो ना, आत बसून तो त्यातले वाढदिवस उतरवत होता!

तो तुझ्या जिरेनियमला पाणी घालत होता.

"आपण कोण?"

"दिवंगत सीत्से," मी म्हणालो.

लाज वाटावी की नाही? छे! "माफ करा, पण माझ्याकडे लेखी पुरावा आहे," असं म्हणून तो मला तुझ्या संडासात घेऊन गेला. दोन म्हातारे त्या अंधाऱ्या कपाटाएवढ्या जागेत, माझं कोपर त्याच्या बरगडीत, आणि समोर ऑक्टोबर. माझ्या नावापुढे क्रूस! चष्मा घरी राहिला होता, खालची ओळ काही लागेना, पण स्वतःचा क्रूस बघायला चष्मा लागत नाही. त्या कॅलेंडरात साल नाही की वार नाही, माणूस एकदा चढला की मरेपर्यंत तिथेच, आणि मेला की क्रूस लागून तिथेच, हे मला मान्य आहे. पण आधी मरू तर द्या!

आणि ताई, तू रोज त्याच्यासमोर बसतेस! दाताच्या डॉक्टरला क्रूस नाही. बारा वर्षांपूर्वी मेलेल्या तुझ्या मांजरीला क्रूस नाही. सख्ख्या भावाला मात्र आहे. हा कोणाचा हात ते मला कळलंच पाहिजे. दाजींचा असेल तर त्यांच्या वाढदिवसाला मी पाऊल ठेवणार नाही, सांगून ठेव. उलट टपाली उत्तर हवं.

तुझा (जिवंत) भाऊ,
सीत्से

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात फान लोखेम सफरचंदाचा केक घेऊन आला, आणि कॅलेंडरच भिंतीवरून काढून आणलं. आज चष्मा होता. क्रूस निळा आहे, ताई. याच पेन्सिलीचा. हिस्केला पुरून आल्यावर सगळे तुझ्याकडे कॉफीला बसले होते, आठवतं? मी संडासात बराच वेळ होतो, तू दार वाजवलंस, मी म्हटलं पोट बिघडलंय. आम्हा नवराबायकोचा वाढदिवस एकाच दिवशी, चौकोनही एकच, वर मी आणि खाली ती. डोळ्यांना दिसत नव्हतं. ओळ चुकली. वरचं सगळं फाडणार होतो, पण रागावणं बरं जमलंय म्हणून राहू दिलं. दाजींना दाखवू नकोस.

आणखी एक. तीन वर्षं तुला दिसलं नसेल, हे काही मला पटत नाही. म्हणूनच दोनदा अभिनंदन करतेस ना, एकदा माझं, एकदा तिचं? फान लोखेम विचारत होता, दुरुस्ती छापताना क्रूस खालच्या ओळीत न्यायचा का. मी म्हटलं, मी जिवंत आहे तेवढंच छापा. तू आलीस की माझ्या नावापुढचा खोडरबराने पुसून टाक. खालच्या ओळीला हात लावू नकोस. पुढच्या वर्षी फोन कर, आणि दोनदाच म्हण.