कापसाच्या तुकड्याचं खत

मी, संतराम लिंबाजी, राहणार मौजे गोरेगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शुद्धीवर राहून, कुणाच्या धाकाविना लिहून ठेवतो. पाय गेले, डोकं जागेवर आहे. शाळा पाहिली न्हाई, अक्षर गिरवलं ते गाडीच्या सावलीत. वाचणाऱ्याने चुका पोटात घालाव्या.

आधी जमीन. ओढ्याकाठची काळी मी स्वकष्टाने घेतली, वडिलार्जित नव्हे, सबब ती कुणाला द्यावी हा हक्क माझा. तिचे दोन तुकडे. वरचा धाकट्या लेकाचा, माणिकरावाचा म्हणून बोलला जातो. खालचा मनकर्णेचा. ती माझ्या थोरल्या, मयत लेकाची बायको. कापूस एका साली वर, दुसऱ्या साली खाली. कापूस जमिनीला पिळून काढतो, म्हणून कुजलेलं शेणखत सगळं त्या सालच्या कापसालाच. दुसऱ्या तुकड्यात ताग पेरायचा, फुलावर आला की नांगरून गाडायचा, मग तिथे रब्बीची ज्वारी. त्या तुकड्याला शेणाची एक पाटीही लागत न्हाई. ही रीत मनकर्णा जाणते. माणिकरावाने जन्मात पाटी उचलली न्हाई, त्याला कुठून कळणार.

मागल्या साली घडलं ते बराबर नोंदवतो. वहिनीला माहेरी घालवून सगळी जमीन आपली करावी, हे माणिकरावाच्या मनात. खत गेलं की तिचं पीक जाईल, पीक गेलं की बाई जाईल. उन्हाळ्यात भर दुपारी त्याने उकिरड्याला काडी लावली. वर तिला ऐकवलं, "वहिनी, राख बी खतच असते. भरा पाट्या."

मी बाजेवरून हाका मारून राहिलो होतो. मनकर्णा चुलीपुढून हलली न्हाई. भरलेला रांजण दारातच होता. काहून बसलीस, म्हणून मी ओरडलो. तिने भाकरी उलटली.

"त्यांचंच जळून राहिलंय, मामंजी. औंदा कापूस वरच्या तुकड्यात हाय."

त्या साली माणिकरावाचा कापूस गुडघ्याएवढाच राहिला, बोंडं सुपारीएवढी. खाली तागावरच्या ज्वारीत शिरलेला माणूस दिसेना. लोक बांधावर थांबून त्याला विचारायचे, राख कमी पडली का रे. मीही विचारलं.

सबब दोन्ही तुकडे, बैलजोडी, नांगर, वखर, तिफण मनकर्णेस दिले. अंगणातलं बाभळीचं लाकूड नासेर सुतारास. त्याने माझी तिफण कधी रखडू दिली न्हाई.

चुलत बहीण जिवनबाई हिने हाताला शेणाचा वास येतो म्हणून मनकर्णेला भरल्या पंक्तीतून उठवलं होतं. जिवनबाईस माझ्या तेराव्याला अगत्याने बोलवावं, ताज्या शेणाने सारवलेल्या ओसरीवर बसवावं, आणि वाढावं मनकर्णेने. पोट भरेस्तोवर उठू देऊ नये.

राहिला माणिकराव. त्याला घराबाहेर घालावं असंच लिहायला घेतलं होतं. पण पोटचं लेकरू, हात अडला. म्हणून मनकर्णेला बोलावून विचारलं. तो उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. मला वाटलं, ती रडेल, न्हाईतर शिव्या देईल. तिने हात पदराला पुसले.

"राहू द्या त्यांना, मामंजी. पाट्या वाहायला माणूस लागतंयच."

माहेरी जायला त्याला कुठलं माहेर.

तिच्या शब्दाप्रमाणे लिहितो. माणिकरावास ओसरी, दोन वेळची भाकरी आणि शेणाची पाटी. पाटी ज्या दिवशी टाकील त्या दिवशी ओसरी सुटली. खत कोणत्या तुकड्यात न्यायचं, ते त्याने दर साली पेरणीआधी मनकर्णेला चार माणसांत हात जोडून विचारावं. ती लगेच सांगेलच असं न्हाई. त्याने पाटी डोईवर घेऊन उभं राहावं.

हे वाचून दाखवलं, साक्षीदारांनी ऐकलं, मग सही केली.

सही: संतराम लिंबाजी
साक्षीदार: नासेर सुतार (सही)
साक्षीदार: रतनसिंग, शेजारचे शेतकरी (निशाणी अंगठा)

मुक्काम गोरेगाव, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६५