छत्तीस पावलं

९ मार्च, धुळे

आज टेम्पोतून उतरवलेल्या, माझ्या हातच्या वस्तू: लोखंडी अँगल कापून केलेला उघडा स्टँड (कॉम्प्युटरला पेटी लागत नाही, तो यावरच मांडतो), सागाच्या फळ्यांचं टेबल, कॉम्प्युटर थंड ठेवायला जुन्या कूलरच्या पंख्याचा हवेचा बोगदा, विजेचा वापर दाखवणारा बोर्ड, आणि लिनक्सवर चालणारा, खेळांचा वेग मोजणारा सातशे बारा ओळींचा प्रोग्रॅम. यातलं काहीच आयतं नाही. बारावी नापास माणसाने पाचोऱ्यात पंचवीस वर्षं विजेच्या मोटारी रिवाइंड करता करता शिकून केलं आहे.

डिंपलचं कॉलेज इथे आहे, म्हणून देवपुरात हे घर भाड्याने घेतलं. सुनंदा दुकान सांभाळायला पाचोऱ्यालाच राहिली. घर हवेशीर आहे. घरमालकीण प्रमिलाबाईंनी आल्याआल्या चहा पाठवला. साखर जरा जास्त. डिंपल म्हणाली, पप्पा, चहाचंही माप घ्या आता.

१४ मार्च

प्रमिलाबाईंनी विचारलं, दिवसभर नुसता खेळच चालू दिसतो, भाऊ? समजावून सांगितलं. ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. नवा ड्रायव्हर आला की तोच खेळ त्याच वाटेने चालवायचा आणि सेकंदाला किती चित्रं निघतात ते मोजायचं. माझा नियम: तीन फेऱ्या झाल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. माझ्या साइटवरचे आकडे परदेशातले लोक वाचतात हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, मंग पगार कोण देस? विषय बदलला.

दुसऱ्यांच्या खेळांवर मोजून कंटाळलो. एका मोफत खेळात स्वतःचा नकाशा करतो आहे: हेच घर, टेपने पाव इंचापर्यंत मोजून. स्वयंपाकघराची मागची भिंत ठोकली तर पोकळ वाजली. गिलाव्याखाली दाराची चौकट आहे. प्रमिलाबाई एकदम म्हणाल्या, "ते दार बुजेल शे. बुजेलच राहू द्या, भाऊ."

घरातलं दार मी कशाला उघडू? पण नकाशा अचूक हवा. चौकट आहे म्हणजे दार आहे. नकाशात दार काढलं. प्रकाश आत यावा म्हणून उघडं ठेवलं.

२९ मार्च

केसांचं चित्र काढताना कार्डाची खरी परीक्षा होते. म्हणून नकाशात खुर्चीवर अभ्यासाला बसलेली डिंपल केली. तिचे साठ फोटो काढले. लांब वेणी, नव्वद हजार केस. ती लाजली, पण मैत्रिणींना दाखवायला घेऊन गेली. चाचणीचं नाव ठेवलं 'लीलाधर चाचणी'. माझ्या नावाने काही असावं असं फार वर्षं मनात होतं.

तीन फेऱ्या केल्या. एक्केचाळिसाव्या सेकंदाला, स्वयंपाकघरात, वेग घसरतो. तिन्ही वेळा.

साइटवर चाचणीबद्दल लिहिलेलं वाचून पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. चाचणी हवी आहे. नको म्हणून कळवलं. रक्कम इथे लिहीत नाही, उगाच बढाई वाटेल.

३ एप्रिल

नवा ड्रायव्हर, तीन फेऱ्या. घसरण तिथेच. ते चित्र थांबवून पाहिलं. दाराच्या आत कोणीतरी उभं आहे. राखाडी, रंग न भरलेलं, बाईच्या उंचीचं. चेहऱ्याच्या जागी सपाट. मी केलेलं नाही. आकृत्यांच्या यादीतही नाही.

ड्रायव्हरचा दोष. दुसरं काय असणार?

५ एप्रिल

मोजलं. ते दर फेरीला अकरा इंच पुढे सरकतं. खात्रीसाठी सहा फेऱ्या केल्या. सहासष्ट इंच, बरोबर. दारापासून डिंपलच्या खुर्चीपर्यंत तेहतीस फूट. म्हणजे छत्तीस पावलं. माझ्या आजवरच्या बारा फेऱ्यांत बारा झाली.

ड्रायव्हर करणाऱ्यांना कळवलं. त्यांचं उत्तर, आम्हाला दिसत नाही. मला खोटं ठरवतात! पुरावा म्हणून चाचणी जाहीर करून टाकली. सगळ्या जगाला, फुकट. सूचनेत पहिली ओळ: तीन फेऱ्या केल्याच पाहिजेत.

७ एप्रिल

दोन दिवस मी एकही फेरी केली नाही. आज दुपारी नकाशा नुसता उघडून पाहिला. ते अठराव्या पावलावर आहे.

साइटवर पाहिलं. दोघांनी निकाल टाकलेत. एक ब्राझीलचा, एक पोलंडचा. प्रत्येकी तीन फेऱ्या. सहा.

बाहेर बेचाळीस डिग्री आणि कार्ड एकोणीसवर. मीटर तीनदा तपासला.

डिंपल म्हणते, अभ्यासाला बसलं की मागे कोणी उभं असल्यासारखं वाटतं. सकाळी घट्ट घातलेली वेणी दुपारी सुटलेली. तिने सोडली नव्हती.

प्रमिलाबाईंना खोदून विचारलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, त्या दारातून काय यायचं ते कोणी पाहिलं नाही. घरातल्या पोरींच्या वेण्या तेवढ्या सुटायच्या. त्यांची नणंद धुरपदा, बारा वर्षांची. तिच्यानंतर सासऱ्यांनी दार बुजवलं. तिला काय झालं, विचारलं. त्या उठून आत गेल्या. आतूनच म्हणाल्या, "तुम्हले सांगं होतं ना, भाऊ."

८ एप्रिल

डिंपलला सकाळच्या बसने पाचोऱ्याला पाठवलं. नकाशातलं दार बुजवलं. विटा, गिलावा, सगळं. पण ते आत आलेलं आहे.

कॉम्प्युटर नेटवरून तोडला. दुपारी पाहिलं, एकवीस.

संध्याकाळी सुनंदाचा फोन. पोरीच्या वेणीला कोणी हात लावतं म्हणे. तिथे. पाचोऱ्यात. मला वाटलं होतं ते घराच्या मागे लागलं आहे. ते खुर्चीच्या मागे लागलं आहे. आणि खुर्चीवर मी तिला बसवलं. नव्वद हजार केसांसकट.

९ एप्रिल

डिंपलची आकृती पुसायला घेतली. आधी फक्त एक बट पुसली. दोन मिनिटांत फोन. बट तिच्या हातात आली, मुळासकट, रक्त—

पुन्हा हात लावणार नाही. खुर्ची सरकवली. ते वळलं.

मोबाइलवरून साइटवरची चाचणी काढली. ज्यांच्याकडे प्रती आहेत त्यांना हात जोडून लिहिलं, चालवू नका. चूक माझी आहे, आकडे चुकीचे आहेत, मला काही येत नाही. हे मी लिहिलं. मी.

उत्तरं आली. काय बिघाड आहे ते बघतो म्हणे. तिघांनी बघितलं. तुमच्या सूचनेप्रमाणे तीनदा चालवलं, काही दिसलं नाही, छान चाचणी आहे.

तीस.

१० एप्रिल

सकाळी तेहतीस.

त्याचे हात दिसतात आता. बोटं फार लांब. हात वर— कंगवा धरल्यासारखा—

सुनंदाने डिंपलला फोन दिला. म्हणाली, पप्पा, थांबवा ना. तुम्हालाच येतं ते. मी हो म्हणालो.

स्टँड घणाने फोडला. बोगदा, टेबल, सगळं. पडदा अजून चालू आहे. वीज नाही, तरी.

१० एप्रिल, दुपार

कोणीतरी कोरियात. नवीन माणूस. पहिली फेरी झाली. चौतीस. त्याला लिहिलं, थांब. तो म्हणतो, अजून दोन राहिल्या, नियम तुमचाच आहे.

पस्तीस.

फोन वाजतोय. पाचोऱ्याचा. घेणार नाही. घेतला नाही तोवर— तोवर लिहितो. नीट लिहितो. पुण्याच्या कंपनीला चाचणी एकटीला हवी होती. कुलपात, एकाच मशीनवर, वर्षातून एकदा. तीन फेऱ्या. माझ्या बारांनंतर उरलेल्या चोवीस पावलांना आठ वर्षं लागली असती. आठ वर्षांत मी काहीतरी शोधलंच असतं, मी शोधतोच— पण त्यांना चाचणीवरून माझं नाव काढून टाकायचं होतं. म्हणून नाही म्हणालो. सहा लाख चाळीस हजार. चेकने. नुसती सही करायची होती, मी पेन उचललं आणि