पेवात सोडलेला पाइप

रविवार, संध्याकाळ. पुसेगाव

आज अंगणातलं पेव उघडलं. मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, तरुणपणी जमिनीखालच्या त्या खोल खड्ड्यात वर्षभराची ज्वारी राहायची. आता आमी सगळं सोयाबीन पेरतो. हे म्हणाले, नव्या संडासाला आयता खड्डा आहे, दुसरा काहून खोदायचा? बराबरच आहे. मग मला सकाळपासून असं काहून होऊन राहिलं?

पेवाच्या तोंडावरची फरशी सरकताच मामा उठले. "आधी कंदील सोडा खाली. इझला तर कुणी उतरू नका, आतली हवा खराब असती." कंदील घरात आहे कुठं? ह्यांनी मोबाइलचा उजेड मारला. तो कशानंच विझत नाही.

मामांना वाटलं, ज्वारी भरायची आहे. त्यांना खरं सांगायला कुणाचं तोंड उघडलं नाही, माझंही नाही. पेवाला आतून लावायला कडबा आणतो म्हणत ते काठी घेऊन निघाले. गावात ज्वारीच न्हाई, कडबा कुठला?

दुपारी मिस्त्रीनं पाइप सोडून वरून सिमेंट केलं. दिवेलागणीला मामा आले. खांद्यावर कडब्याची एकच पेंढी, कुठून मागून आणली कोण जाणे.

"बंद केलं? भरलं व्हय?"

मी "व्हय" म्हटलं.

"आधी कंदील सोडला होता ना?"

"व्हय, मामा."

त्यांनी पेंढी माझ्या हातात दिली. "मंग बरं. ही जपून ठेव, पुढल्या साली लागंल."