संभाव्य किल्ला

२ मार्च
एल्स्पेथचा फोन. लेक ग्लासगो सोडून गावी येतेय! माझ्या थोरल्या भावानं, आर्चीनं, आपल्या वरच्या कुरणाचा कोपरा पुतणीला घर बांधायला दिला. माझ्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर. नातू रोरी शाळेतून थेट माझ्याकडे येणार. बायको, मार्गारेट, गेल्यापासून घरात दिवसभर रेडिओशी बोलतो मी. आता रेडिओ विकून टाकीन.

३ मार्च, सकाळ
नव्या घरावर वारा कुठून येईल ते बघायला कुरणात गेलो आणि जागच्या जागी थांबलो. गोल टेकाड. माथा सपाट. तीन बाजूंनी खंदक. चौथ्या बाजूला आर्चीचं शेणखत. अरे, हा तर किल्ला! बाराव्या शतकातला, लाकडी. आमचा आख्खा गॅलोवे परगणा डोळे मिटून बसला होता की काय?
संकल्प: महिन्याभरात सिद्ध करणे. एल्स्पेथला इतक्यात सांगायचं नाही. सरप्राइज. किल्ल्यावर घर! किती जणींच्या नशिबात असतं?

३ मार्च, दुपार
काउन्सिलच्या पुरातत्त्व खात्याला ईमेल. अकरा पानं. आटोपशीर.

९ मार्च
पाऊस. आर्चीला सांगितलं. म्हणाला, पाणी साचलं की मेंढ्या तिथं चढतात, याहून जास्त त्याला माहीत नाही. शिवाय मी जन्मभर भूगोल शिकवला, इतिहास नव्हे, हेही ऐकवलं. दुर्लक्ष केलं. मोजमाप उद्या.

१० मार्च
मोजमाप झालं नाही. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. फ्लास्कमधला चहा ओतेपर्यंत आर्चीच्या गोऱ्ह्यानं दोरी खाल्ली. उत्तरेची तटबंदी त्याच्या पोटात.

२१ मार्च
शोध! खंदकात हिरव्या झिलईचं खापर. मध्ययुगीन, शंकाच नको. आर्चीची बायको जीन म्हणते, हा तिचा टीपॉट. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आर्चीवर फेकलेला, नेम चुकला. जीनला मध्ययुगातलं काय कळतंय!

१४ एप्रिल
काउन्सिलच्या डॉ. रेनीबाई आल्या. गमबूट घालून भर पावसात दोन फेऱ्या मारल्या. टेकाड हिमनदीनं टाकलेलं असू शकतं म्हणाल्या. खंदक माणसांनी खणलेला असू शकतो. नसूही शकतो. खणल्याशिवाय सांगता येत नाही आणि खणायला पैसे नाहीत. काय बोलणं हे! पण नोंद केली: ‘संभाव्य किल्ला’. ‘संभाव्य’ उडवायला फार तर उन्हाळा लागेल. व्हिस्की घेतली. डॉक्टरनं मनाई केलीय, पण ती एरवीसाठी.

६ मे
एल्स्पेथचा फोन. घराची परवानगी अडकली. जागेवर काहीतरी पुरातन सापडलंय म्हणे. मी मनातल्या मनात खूश. मग तिनं विचारलं, "बाबा, तू कुणाला काही कळवलंस का?" म्हटलं, सरप्राइज होतं. फोन कट झाला. इथं रेंजच येत नाही धड.

७ मे
घाबरायचं कारण नाही. काउन्सिलला कळवलं की किल्ला बिल्ला काही नाही. टीपॉट, मेंढ्या, हिमनदी, सगळं मुद्देसूद मांडलं. आठवड्यात प्रकरण मिटेल.

२ जून
उत्तर आलं. त्यांना माझा पहिला ईमेल जास्त पटला! माझ्याविरुद्ध माझाच पुरावा. संतापानं दातओठ खाल्ले. खात्री करून घ्यायची असेल तर खोदाईचा खर्च मालकानं करावा, असाही सल्ला. तो आकडा सांगायला आर्चीकडे गेलो. त्यानं ऐकून घेतलं आणि ट्रॅक्टर सुरू केला. हल्ली तो मला बघितलं की ट्रॅक्टर सुरू करतो.

१८ जून
काउन्सिलला फोन. निदान पाटी तरी लावा म्हटलं. पाटी फक्त सिद्ध झालेल्या किल्ल्यांना मिळते. म्हणजे माझ्या लेकीचं घर अडवण्याइतका हा किल्ला आहे आणि पाटी लावण्याइतका नाही! फोन आपटला. फोन माझाच होता. फुटला.

३० ऑगस्ट
एल्स्पेथनं तिकडे लांब स्टर्लिंगला फ्लॅट घेतला. रोरीची शाळाही ठरली. म्हटलं, घाई केलीस, थोडं थांबली असतीस तर मी निस्तरलं असतं. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "बाबा, इथं आमच्या खिडकीतून किल्ला दिसतो. खरा. रोरी खूश आहे. ये कधीतरी."
जाईन की. पण लगेच कसं जमणार? इथल्या किल्ल्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला नको?