तिसऱ्या कडव्यातला पाऊस कोणी पाडला

ती. स्व. साडूभाऊंना,

धाकट्या साडूचा नमस्कार, आणि ताईंना वाकून वेगळा. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कट्टकन वाजतो असं ताई फोनवर म्हणाल्या. दुर्लक्ष करू नका, आणि शेजाऱ्याने सांगितलेलं मलमही लावू नका (त्याच मलमाने शेजाऱ्याची मान धरली होती, हे तुम्ही स्वतःच मला कळवलं होतं). आमच्याकडे सगळं ठीक. म्हणजे माझा रक्तदाब सोडून. खुशाली विचारून झाली, आता कृपा करून खुर्चीत नीट टेकून बसा, कारण मी हे पत्र अर्धं उभ्यानेच लिहितोय. बसलो की संताप डोक्यात चढतो.

गेल्या रविवारी आमच्या कॉलनीच्या सभागृहात ‘आपल्या सिनेमातली आवडती पाऊसगाणी’ असा कार्यक्रम झाला. महिनाभर आधी दारात खोका ठेवला होता, ज्याने त्याने आपल्या आवडत्या गाण्यांची चिठ्ठी टाकायची, आणि ज्यांना जास्त मतं ती दहा गाणी पडद्यावर दाखवायची. निवेदक कोण, तर कोपऱ्यावरचे दंतवैद्य! आता या गृहस्थाचं असं आहे की आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवून आपण एकट्यानेच बोलायची सवय. समोरचा उलट काही बोलू शकतो हे त्यांना ठाऊकच नाही. पांढरा झब्बा, हातात माइक, आणि दर वाक्याआधी एक उसासा. मी तुमच्या मेव्हणीला म्हटलं, हा माणूस आज रडणार. ती म्हणाली, तुम्ही गप्प बसा. (ती अजूनही तेच म्हणते, पण त्याबद्दल पुढे.)

दहातली सात गाणी आपली, म्हणजे आपल्या खात्याने पाऊस पाडलेली निघाली, साडूभाऊ! सात! सायकलच्या दुकानाबाहेरचं आपलं. गच्चीवरचं, ज्यात नायक पाण्याच्या टाकीवर चढून गातो, ते आपलं. चहाच्या टपरीचं आपलं (टपरीचं छप्पर आपल्या पहिल्याच फवाऱ्याने खाली आलं होतं आणि दुपारपर्यंत सुतार शिव्या घालत बसला होता). मी मनातल्या मनात मोजत होतो आणि दर गाण्याला वाटत होतं, आता म्हणतील, आता तरी म्हणतील. अहो, कसलं काय! गायिकेचं कौतुक झालं, बासरीवाल्याचं झालं, नायिकेच्या साडीच्या रंगाचं झालं. एका गाण्यात मागे दिव्याचा खांब आहे, तर त्या खांबाच्या एकटेपणावर पाच मिनिटं! पावसाचं गाणं, आणि पाऊस सोडून सगळ्यांना मान. तेही एक वेळ गिळलं असतं. पण पहिल्या नंबरचं, आपलं ते पायऱ्यांवरचं गाणं लावण्याआधी दंतवैद्यांनी डोळे मिटले आणि सांगितलं, की या गाण्यातला पाऊस अस्सल, निसर्गाचा; दिग्दर्शक त्या ढगांसाठी अकरा दिवस बसून राहिले होते.

अकरा दिवस! ढगांसाठी! अहो, खरा पाऊस आला की आपण काय करायचो? पॅकअप! मशीनवर ताडपत्री टाकून सगळे टपरीत पळायचे. खरा पाऊस कॅमेऱ्यात धड दिसतसुद्धा नाही हे यांच्या गावीही नाही. थेंब जाड लागतो, मागून दिवा लागतो, पाण्यात दूध घालावं लागतं, तेव्हा कुठे पडद्यावर ‘रिमझिम’ होते. दोन टँकर, एक पंप, चार भोकांच्या नळ्या, आणि बांबूच्या परांचीवर व्हॉल्व्ह धरून बसलेला माणूस, हा आपला निसर्ग! नायिका भिजली की सगळे तिच्याभोवती टॉवेल घेऊन धावायचे. आपण सकाळपासून ओले, आपल्याला कोणी रुमाल तरी दिला? आणि हे म्हणे ढगांनी केलं. ढगांना काय, श्रेय द्यायला कोणाच्या बापाचं जातंय.

मी उठलो. (तुमच्या मेव्हणीने शर्ट ओढला, एक बटण तिच्या हातात राहिलं.) उठलो आणि तिसऱ्या रांगेतून जे काही बोललो ते आता नीट आठवत नाही, पण सुरुवात ‘अहो दातवाले’ अशी झाली एवढं नक्की. त्यांनीच बसवलेली कवळी तोंडात घालून मी त्यांच्यावरच ओरडत होतो, हे मला मध्येच लक्षात आलं, पण तोवर थांबता येण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, पहिल्या ओळीला उजवीकडचं झाड बघा, कोरडं ठणठणीत आहे, तिथवर नळी पोचली नव्हती. लावा गाणं. त्यांनी लावलं. झाड कोरडं! मागच्या बाकावरून एक आजी मोठ्याने म्हणाल्या, अगंबाई, खरंच की. मग सगळी माणसं झाडच बघायला लागली, नायिकेकडे कोणी ढुंकून बघेना.

दंतवैद्यांचा चेहरा उतरला. पण माणूस सभ्य, हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी मला व्यासपीठावर बोलावलं, माइक दिला, दोन-चार प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली (सविस्तर लिहीत बसत नाही), आणि सभागृहात टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा, साडूभाऊ! इतकी वर्षं लोक आपल्या पावसात रडले, प्रेमात पडले, आणि टाळी मात्र परवा पडली. तिथल्या तिथे ठरलं, की येत्या रविवारी संध्याकाळी माझा जाहीर सत्कार. तेच गाणं परत दाखवणार आणि मी त्याची हकीकत सांगणार. आमंत्रणपत्रिकेवर मोठ्या अक्षरांत ‘पायऱ्यांवरच्या पावसाचे जनक’ असं छापलंय.

तर असा हा सगळा संताप. मन मोकळं करायला दुसरं कोण आहे मला? ताईंना सांगा, तब्येतीला जपा.

राग सगळा माझ्याकडे ठेवून, लोभ तुमच्याकडे मागणारा,
तुमचा साडू

ता. क. : ते दोन-चार प्रश्न. त्यातला शेवटचा लिहायचा राहिला. म्हणजे राहिला नाही, मी ठेवला. दंतवैद्यांनी विचारलं, की तिसऱ्या कडव्यात पाऊस अचानक हलका होतो, नायिका मान वर करून बघते आणि किंचित हसते; सगळं जग ज्या क्षणावर जीव टाकतं तो पाऊस हलका करायचं सुचलं कोणाला? आणि मी म्हटलं, मला. माइक हातात होता, टाळ्या चालू होत्या, तोंडातून निघून गेलं. आता तुम्ही म्हणाल निघून कसं गेलं. तसंच गेलं.

ता. क. २ : परांचीवर तुम्ही होता. नववा टेक होता, ती पोरगी लटलट कापत होती, ओठ निळे पडले होते, आणि तुम्ही कोणाला न विचारता व्हॉल्व्ह अर्धा फिरवलात. ती आभाळाकडे बघत नव्हती, तुमच्याकडे बघून हसली होती. दिग्दर्शक किंचाळला. टँकर रिकामा झाला होता म्हणून तोच टेक ठेवावा लागला. आणि मी, पावसाच्या खात्याचा मुख्य, सगळ्यांदेखत तुम्हाला म्हटलं, ‘अहो साडूभाऊ, खाली उतरा आणि घरी जा, उद्या येऊ नका.’ नात्याने तुम्ही थोरले, म्हणून हाकलतानासुद्धा ‘अहो’ म्हटलं, एवढीच काय ती माझी माणुसकी. तुम्ही खरंच परत आला नाहीत. पाणीपुरवठ्यात नोकरी धरलीत आणि जन्मभर लोकांच्या नळाला पाणी सोडलंत. गाणं गाजलं तेव्हा तरी यायला हवं होतं मी तुमच्याकडे. आलो नाही. टीव्हीवर ते लागलं की तुम्ही उठून बाहेर जायचात, आणि मी स्वतःला सांगायचो, पाणी प्यायला गेले असतील.

ता. क. ३ : तुमच्या मेव्हणीला हे सगळं माहीत आहे. तुम्ही त्या दिवशी भर दुपारी ओल्या कपड्यांनी घरी आलात हे ताईंनी तिला तेव्हाच सांगितलं होतं. रविवारपासून ती माझ्याशी ‘तुम्ही गप्प बसा’ याव्यतिरिक्त एक शब्द बोललेली नाही. बटण अजून तिच्याकडेच आहे. मी चार वेळा दंतवैद्यांच्या दवाखान्यापर्यंत गेलो, खरं सांगून टाकावं म्हणून. चारही वेळा दात दुखतोय असं सांगून परत आलो (कवळीचा दात दुखतो का, असं त्यांच्या नर्सने विचारलं).

ता. क. ४ : रविवारी संध्याकाळी साडेपाचला. ताईंना घेऊन या. गुडघा दुखत असेल तर मी गाडी करून न्यायला येतो. व्यासपीठावर तुमची खुर्ची मांडायला सांगितली आहे. कशासाठी ते सांगितलेलं नाही. मला ओळखता तुम्ही. त्या टाळ्या परत पडल्या की मी पुन्हा ‘मला’च म्हणेन. तुम्ही शेजारी बसलात, तरच मला खोटं बोलता येणार नाही.