पट्टीभर अंतर

द्वारका, दिल्ली
१८ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप कुमुदताईस,
पद्माकरचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावून उन्हात बसत जा. इथे आठवडाभर धुकं होतं, आज जरा ऊन आलंय. अनिश आणि सूनबाई बाजारात गेलेत. नात गॅलरीत माझ्या शेजारी झोपली आहे.

तनया पहिलीत गेल्यापासून मी तिचा मास्तर झालो होतो, हे तुला फोनवर सांगितलं होतं. मी आठवी नापास, पण लोहचुंबकाचं थोडं कळतं. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं गोल चुंबक काढून दिलं. घरभर फिरून काय चिकटतं, काय नाही, ते तिनेच शोधायचं. कुलूप चिकटलं, पितळी तांब्या नाही. खाली बागेतल्या वाळूत चुंबक फिरवलं की त्याला काळी दाढी उगवायची आणि ती खिदळायची. मग सुई चुंबकावर घासून तिचंही चुंबक करून दाखवलं. तेवढं शिकवलं नसतं तर बरं झालं असतं.

ताई, नोव्हेंबरात मी फोन घेत नव्हतो. खोकला आहे, असं अनिशने तुला सांगितलं. खोकला नव्हता. चक्कर येऊन पडलो, ठोके फार कमी भरले, आणि छातीत कातडीखाली पेसमेकर बसवला. रागावू नकोस. तू इतक्या लांब, एकटी. कळवलं असतं तर नुसती तळमळत बसली असतीस.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, चुंबक छातीपासून सहा इंच लांब ठेवा, बाकी काळजी नको. मी चुंबक कपाटात टाकलं आणि तनयाला सांगितलं, हे आबांपासून पट्टीभर लांब. त्या दिवसापासून ती मांडीवर बसेना. शेजारी बसली तरी मध्ये शाळेची पट्टी ठेवायची. मला वाटलं, खेळ असेल. शेवटी विचारलं, तर म्हणाली, "आबा, सुई घासली तर सुई पण चुंबक झाली. मैंने तो रोज पकड़ा था. माझा हात पण झाला असेल ना?"

मला हसू आलं नाही. टाचण्यांची डबी ताटलीत ओतली आणि म्हटलं, ठेव हात. हात उचलला, तर एक टाचणी तळव्याला चिकटलेली. तीळ-गुळाची गजक खाल्ली होती, हात चिकट होता. पण पोरीचा चेहरा पांढरा पडला. साबणाने हात धुतला, पुसला, पुन्हा ठेवायला लावला. एकही टाचणी आली नाही. "पक्का?" म्हणाली. पक्का, म्हटलं. तशी धावत आली आणि हात थेट माझ्या छातीवर ठेवायला गेली.

पुढचं लिहावंसं वाटत नाही. मी मागे सरलो, ताई. टाचण्या माझ्या डोळ्यांनी बघितल्या होत्या, तरी सरलो. दिवसभर मनगट धरून ठोके बघत असतो मी. अंग आपोआप मागे गेलं. ती आत जाऊन पट्टी घेऊन आली.

आताही ती पट्टी आमच्या मध्ये आहे. झोपेतसुद्धा तनयाने हात पोटाशी आवळून धरलेत. ती उठायच्या आत पट्टी काढणार आहे आणि तिचा हात माझ्या छातीवर ठेवणार आहे. डोळे उघडेल तेव्हा तो तिला तिथेच दिसला पाहिजे. काही होत नाही हे कळतं, तरी भीती वाटते. म्हणून आधी तुला लिहायला बसलो. आता पेन खाली ठेवलं की दुसरं काही निमित्त उरत नाही.

तुझा भित्रा भाऊ,
पद्माकर