गुडघ्याच्या गोळ्या आणि कड्यावरचं पिल्लू

१२ फेब्रु., गुरुवार
सकाळी पाड्यावरून हिरामणचा फोन. त्याचा लंगडा बैल गेला. आठवड्यापूर्वी उतारावर घसरला होता, मागचा पाय टम्म सुजलेला. "हॉटेलला टाकू का, डाक्टर?" हॉटेल म्हणजे माळावरची तारेच्या कुंपणातली जागा. मेलेलं ढोर तिथे टाकायचं, गिधाडं येऊन खातात. आणि मी डॉक्टर नाही. नोकरीभर गुरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होतो. पाड्यावर हे सांगून सांगून दमलो.

ढोर टाकण्याआधी विचारायचे प्रश्न एका वहीत आहेत, ते विचारले. गुरांचा डॉक्टर आला होता? नाय. सुई दिली कोणी? "कोनीच नाय. तुमीच तर बंद केली ना." म्हटलं, टाका.

पेठची एसटी, पुढे जीप. दुर्बीण लावली तेव्हा मोठे पक्षी १४. कड्याच्या कपारीतल्या घरट्यात पिल्लू एकटंच, मान वर करून. आई-बाप खाली जेवायला. यंदा या कड्यावर तेवढं एकच पिल्लू आहे. तासभर बघत बसलो. लय भारी वाटलं, हिरामणच्या भाषेत. मुक्काम त्याच्याकडेच.

१३ फेब्रु., शुक्र.


सकाळी चहा देताना जनाबाई (हिरामणची बायको) म्हणाली, "डाक्टर, त्या गुडघ्याच्या गोळ्या संपल्या. अजून आना."
म्हटलं, महिन्याच्या दिल्या होत्या, एवढ्यात कशा संपल्या?
"बैलाला घातल्या ना भाकरीत. सकाळ-सांज, चार दिस. माझा गुडघा उतरतो, तर त्याचा पाय का नाय उतरनार?"
पटेल असंच बोलत होती. मुका जीव रात्रंदिवस कण्हायचा म्हणे, तिला बघवेना.

त्या गोळ्या माझ्या बायकोच्या, मालतीच्या डब्यातल्या. जानेवारीत मीच आणून दिल्या, जनाबाईला पायरी चढवेना म्हणून. पाकिटावर औषधाचं नाव ठळक छापलंय. डायक्लोफेनॅक. नोकरीत हेच मी शेकडो गुरांना टोचलं. त्या मांसाने गिधाडं मरतात हे कळलं, बंदी आली, मग याच्याविरुद्ध पाड्यापाड्यावर भाषणं ठोकली. आणि तेच माझ्या पिशवीतून इथे आलं. माणसांचं औषध, म्हणून डोक्यात आलंच नाही.

वहीत सुईचा प्रश्न आहे. गोळीचा नाही. वही मीच तयार केलेली.

धावत माळावर. काय उरलं होतं? कातडं, हाडं, थोडं मांस. हिरामणला घेऊन खड्डा केला, सगळं पुरलं. त्याने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, बैल खराब निघाला. इतकंच. खरं सांगायची छाती झाली नाही.

१५ फेब्रु., रवि.
इंदिरानगर. घरी. मालतीला काल सांगितलं. आज जेवताना म्हणाली, "त्या बाईला कोणी काही बोलायच्या आत तुम्ही स्वतः जाऊन सांगा."
म्हटलं, कदाचित काही होणारही नाही.
"मग टीव्हीकडे बघत फोन कशाला कुरवाळताय?"
चिडलो. तिचं बरोबर आहे म्हणून जास्त.

१६ फेब्रु., सोम.
वनरक्षक गावितांचा फोन. एक गिधाड ऐनाच्या झाडावर कालपासून बसून आहे, मान खाली टाकून. जवळ गेलं तरी उडत नाही. "म्हातारं असेल का?" म्हणाले.
म्हातारं नाही. मान अशी का पडते ते मला माहीत आहे. येतो म्हटलं आणि फोन ठेवला.

१७ फेब्रु., मंगळ.
कड्याखाली दोन मेलेली. झाडावरचं दुपारी पडलं. तीन.
पेठला शवविच्छेदन, मी हजर. यकृतावर चुना फासल्यासारखा पांढरा थर. डॉक्टर तरुण आहेत, पहिल्यांदाच बघत होते. मला बघायची गरज नव्हती.

बाहेर आल्यावर गावितांनी विचारलं, "तुमची वही काय म्हणते?"
वही म्हणते, सगळं ठीक.
मग सांगून टाकलं. गोळ्या मी दिल्या, माझ्या घरातल्या, काय आहे ते न सांगता. तसा जबाब लिहून दिला. जनाबाईचं नाव लिहायचं नाही म्हणत होतो. गावित म्हणाले, "बैल त्यांचा आहे काका, नाव कसं लपवणार?" अर्धा तास बाकावर बसून होते माझ्याजवळ. बरं वाटलं.

१८ फेब्रु., बुध.
पाड्यावर. हिरामणच्या ओट्यावर दहा-बारा जण. सांगितलं सगळं. चूक माझी, हे दोनदा सांगितलं.

जनाबाई तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं. "तीन मेली?"
हो.
म्हणाली, "बैलाचं दुखनं तसंच बघत बसायचं व्हतं का मी?"
नाही. गुरांना चालणारं आणि गिधाडांनाही न बाधणारं दुसरं औषध आहे. तिने मागितलं असतं तर दिलं असतं. पण मागायचं असतं हेच तिला मी कधी सांगितलं नाही. बैठका घेतल्या, त्या गड्यांच्या. गोठ्यात भाकरी घालायला बायका जातात, त्यांना एकदाही बोलावलं नाही. इतकी वर्षं गुरांत काढून हे सुचू नये याची लाज वाटते.

हिरामण म्हणाला, आता ढोरं टाकायचीच नाय, जमिनीत घालू, कटकट नको. दोघे-तिघे हो म्हणाले. मी विरोध करायला हवा होता, माळावर ढोरं पडली नाहीत तर गिधाडं उपाशी. केला नाही.

२१ फेब्रु., शनि.
दुर्बिणीत मोठे ९. बाकीचे मेले की दुसऱ्या डोंगरावर गेले, कळायला मार्ग नाही. घरट्यावर एकच मोठा पक्षी. दुसरा दिवसभर आला नाही.
एकट्याला अवघड आहे. अन्न शोधायला गेला तर पिल्लू उघडं पडतं, नाही गेला तर उपाशी.
जनाबाई काठी टेकत वर आली. म्हणाली, दाखवा. डोळा लावून कितीतरी वेळ उभी. "एवढंसं हे ओ." गुडघ्यासाठी लेप आणला होता, तो घेतला. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

२५ फेब्रु., बुध.
वही नव्याने लिहिली. सुई, गोळी, पावडर, लेप, कोणी दिलं, कधी, माणसाचं की गुराचं. मालतीने वाचून एक प्रश्न घातला: घरातल्या बाईला विचारलं का?
घरट्यावर अजून एकच. जनाबाई रोज सकाळी जाऊन बघते आणि हिरामणच्या फोनवरून कळवते. "एकच हे." फोन बंद.

१ मार्च, रवि.
एसटीत लिहितोय, अक्षर हलतंय.

पहाटे शेजारच्या पाड्यावर म्हातारी गाय गेली. मालक म्हणतो काही दिलं नाही. टाकायची का पुरायची, दुपारच्या आत ठरवायला हवं. तपासणीला नमुना पाठवला तर उत्तर यायला दिवस लागतील, मांस तेवढं टिकत नाही. माळावर पंधरा दिवसांत काही पडलेलं नाही. घरट्यावरचा पक्षी काल लांब जाऊन रिकामाच परतला.

जनाबाईचा फोन आला. कोणी न सांगता स्वतःच त्या घरी गेली आहे. "मालकाला काय ठावं. बायांना इचारलं मी. सासू म्हनते नाय दिलं. सून गप्प हे."
गप्प म्हणजे?
"खाली बघते. बोलत नाय."
हिरामण मागून ओरडत होता, टाकून द्या नाहीतर पुरून टाका, ऊन चढतंय.

सांगितलं, मी येईपर्यंत टाकू नका, पुरूही नका. आणि जनाबाई, सुनेला बाजूला घे. रागावू नकोस. तुझं झालं ते तिला सांग, तूच सांगू शकतेस.
"सांगते," म्हणाली. मग थोडं थांबून, "डाक्टर, ती घाबरून 'नाय दिलं' म्हनाली तर?"

म्हटलं, तू विचार, मी पोचतोच. गाडी पेठ स्टँडला शिरतेय.